गेलेली फुली परत येते का?

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर माझा पुतण्या हिमायतनगरला आला तो एक लांबट पेटी घेऊन. पेटीत स्प्रिंगवर चालणारी हवेची रायफल होती, आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण. ज्याला नेमबाज सरसकट स्कोप म्हणतात. सहा महिने तो या रायफलीवर सराव करत होता. सुरुवातीला छऱ्यांचा झुबका छान जमायचा. मग एके दिवशी तो झुबका खाली सरकला. पोराने स्कोपची घुंडी फिरवून तो वर आणला, तर तो नको तितका वर गेला. खाली आणला तर पुन्हा भलतीकडे. "काका, माझा हातच स्थिर नाही बहुतेक," तो म्हणाला. "श्वास धरायला शिकलो, ट्रिगर दाबायला शिकलो, तरी होत नाही. सोडून द्यावं म्हणतो."

मी आयुष्यभर पोरांना भूमापन शिकवले. बंदुकीतले मला काही कळत नाही. पण डोळा लावून आत पाहिले आणि ती बारीक काळी फुली दिसली, तेव्हा ओळखीचे कुणीतरी भेटल्यासारखे वाटले. थिओडोलाइटमध्ये हीच फुली असते. तीही स्क्रूने हलते, तीही कोनातच मोजते. आणि जमिनीची मोजणी चुकली की तिथेही पहिला संशय नेहमी माणसावरच घेतला जातो.

"हात नंतर पाहू," मी म्हटले. "आधी याची उलटतपासणी घेऊ."

त्या तपासणीतून जे कळले, आणि तिच्या निमित्ताने आमच्याच तालुक्याशेजारून गेलेल्या एका जुन्या, फार मोठ्या मोजणीकडे मी जसा नव्याने पाहू लागलो, ते इथे मांडतो आहे.

नळीच्या आतली नळी

स्कोप बाहेरून एक नळी दिसते. तिच्या आत दुसरी, लहान नळी असते. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगे या आतल्या नळीत बसवलेली असतात, आणि फुलीही बहुधा तिच्याच एका टोकाला असते. ही नळी एका बाजूला बिजागरीसारखी टेकलेली असते आणि दुसरे टोक मोकळे हलू शकते. त्या टोकावर वरून एक स्क्रू दाबतो, बाजूने दुसरा. समोरच्या बाजूने एक स्प्रिंग त्या नळीला स्क्रूंकडे रेटून धरते. बाहेर ज्या दोन घुंड्या दिसतात त्या म्हणजे या दोन स्क्रूंची डोकी. घुंडी फिरवली की टक्‌ असा आवाज येतो. तो एक क्लिक.

सगळी मेख या रचनेत आहे. स्क्रू आत गेला की तो नळीला ढकलतो. तिथे नळीला पर्याय नसतो, हलावेच लागते. स्क्रू बाहेर आला की मात्र तो नळीला ओढत नाही. तो फक्त जागा मोकळी करतो. त्या मोकळ्या जागेत नळीला आणून बसवायचे काम स्प्रिंगचे. स्प्रिंग मऊ पडली असेल, नळी कुठे घासत असेल, वंगण घट्ट झाले असेल, तर आवाज येतो, आकडा सरकतो आणि फुली मात्र जागच्या जागी राहते. पुढच्या धक्क्याला ती सरकते. म्हणजे नेमबाज एक गोळी जुन्या हिशेबाने मारतो आणि दुसरी नव्या.

हवेच्या स्प्रिंग रायफलीत हे दुखणे वाढते. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेचा, मागे. स्प्रिंग रायफलीत दट्ट्या पुढे सुटताना रायफल मागे येते आणि दट्ट्या नळकांड्याच्या तोंडाशी आदळला की पुढे झटका देते. दोन्ही बाजूंनी हिसके. एका दिशेचा धक्का सोसायला घडवलेला चांगला महाग स्कोपही या रायफलीवर खिळखिळा झाल्याची उदाहरणे नेमबाजांना पाठ असतात.

एका क्लिकचे वजन

घुंडीवर लिहिले होते: एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. हे मिनिट घड्याळाचे नव्हे, कोनाचे. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटे, म्हणजे पूर्ण वर्तुळात २१,६०० मिनिटे. शंभर मीटरवर एका मिनिटाचा कोन २९.१ मिलिमीटर उघडतो. पन्नास मीटरवर त्याच्या निम्मा, १४.५ मिलिमीटर. पाव मिनिट म्हणजे पन्नास मीटरवर ३.६ मिलिमीटर, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडे कमीच.

हे अंतर क्षुल्लक वाटेल. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. ऑलिंपिकच्या या प्रकारात भिंगाची दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरायचा असतो. पण त्या छिद्राच्या चौकटीलाही स्क्रू असतात आणि क्लिकही असतात. गोळी दहाच्या मधोमध बसत असताना चौकट तीन क्लिकांएवढी चुकीची सरकली, तर नेम धरणाऱ्याचा काही दोष नसताना गोळी आतल्या वर्तुळातून काठाकडे जाते.

विहिरीच्या कठड्यावरची प्रयोगशाळा

रायफलीने गोळ्या मारून स्कोप तपासायला बसलो असतो तर काहीच कळले नसते. छऱ्याचा स्वतःचा फैलाव असतो, वारा असतो, हात असतो. या सगळ्यांच्या चुका एकमेकींत मिसळतात आणि मग कुणालाही दोष देता येतो. म्हणून पहिला नियम: जे तपासायचे ते वेगळे काढा.

स्कोप त्याच्या कड्यांसह रायफलीवरून उतरवला आणि एका जाड सागवानी ठोकळ्यावर बसवला. ठोकळा शेतातल्या विहिरीच्या सिमेंटच्या कठड्यावर शिकंज्याने आवळला. पोलादी फितीने पन्नास मीटर मोजून तिथे प्लायवूडचा फळा रोवला. अंतरात दहा सेंटिमीटरची चूक झाली तरी ती एका हजारात दोन इतकीच, एवढी हयगय चालते. फळ्यावर मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवला आणि वरून ओळंबा सोडून त्याच्या दोरीबरोबर एक उभी काळी रेघ मारली.

ओळंब्याची ही रेघ महत्त्वाची. फुली जर तीन अंशांनी कलती बसली असेल, तर तीनशे मिलिमीटर वर चढताना ती पंधरा मिलिमीटर बाजूला सरकते. नेमबाज मग वारा वाहतो आहे असे समजून बाजूची घुंडी फिरवतो. एक चूक झाकायला दुसरी. आम्ही स्कोप कड्यांत हळूहळू फिरवून फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या रेघेवर तंतोतंत बसवली आणि मगच कडी आवळली.

पण आणखी एक शंका राहतेच. घुंडी फिरवताना बोटांच्या जोराने ठोकळाच हलला तर? पुतण्याच्या मित्राचा एक जुना स्कोप घरात पडून होता. तो त्याच ठोकळ्यावर शेजारी पक्का बसवला, फळ्याच्या एका खुणेवर रोखला आणि ठरवले की त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक वाचनाआधी एकाने त्यात डोकावून खूण जागेवर आहे का ते सांगायचे. आमच्या पंचनाम्याचा तो पंच. भूमापनातही असेच करतात. दूरवरची एक पक्की खूण धरून ठेवतात आणि काम संपताना तिच्याकडे परत पाहतात. ती हलली असेल तर हललो आपण, आणि मधली सगळी वाचने रद्द.

वेळ सकाळी साडेसहा ते आठची ठरवली. ऊन चढले की काळ्या रानावरची हवा थरथरू लागते, फळा पाण्यात बुडाल्यासारखा हलतो आणि दोन-तीन मिलिमीटर कुठे हरवतात ते कळत नाही.

पहिली तपासणी घुंडीला हात न लावता केली. डोळा डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचा. फुली फळ्यावर सरकल्यासारखी वाटली तर समजायचे की प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नाहीत. यालाच दृष्टिभेद म्हणतात. पुढच्या भिंगाचे कडे फिरवून तो घालवला. ज्याने हे केले नाही, त्याला पुढच्या सगळ्या मोजण्यांत आपल्या डोक्याची हालचाल स्कोपच्या नावावर लागलेली दिसेल.

दोन चुका, दोन जातींच्या

आता घुंडी. एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर वाचणारा गोंधळेल. घुंडीवरचा बाण गोळी कुठे जाईल ते सांगतो. स्कोप पक्का बांधलेला असेल तर फुली फळ्यावर नेमकी उलट सरकते. घुंडी 'खाली' फिरवली की फुली वर चढते. आमच्या स्कोपमध्ये 'खाली' म्हणजे स्क्रू आत जाणे होते.

पुतण्याने ८० क्लिक खाली मोजले. मोठ्याने, एकेक करून. ८० पाव-मिनिटे म्हणजे २० मिनिटे. पन्नास मीटरवर फुली २९१ मिलिमीटर चढायला हवी होती. चढली २७८. परत सुरुवातीला आणून पुन्हा केले. २७८. पुन्हा, २७७. दहा वेळा केले. एक मिलिमीटरपलीकडे फरक पडला नाही. पण दहाही वेळा तेरा-चौदा मिलिमीटर कमी.

पोराचा चेहरा पडला. मला मात्र बरे वाटले. जी चूक दहा वेळा तीच येते, ती चूक काहीतरी सांगत असते. कागदावर हिशेब मांडला. नेमबाजीची बरीच परिभाषा यार्ड आणि इंचांतून आली आहे. शंभर यार्डांवर एका मिनिटाचा कोन १.०४७ इंच उघडतो. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून पुष्कळ जण त्याला सरळ एक इंच म्हणतात. हा स्कोप घडवणाऱ्यानेही तेच केले असले पाहिजे. शंभर यार्डांना एक इंच या मापाने २० 'मिनिटे' पन्नास मीटरवर किती होतात? २७७.८ मिलिमीटर. आमच्या फळ्यावर नेमके तेवढेच आले होते. स्क्रू प्रामाणिक होता. त्याच्या अंगावर लिहिलेले माप तेवढे वेगळे होते.

यावरचा उपाय एका ओळीचा. जिथे २१ क्लिक हवेत तिथे २२ फिरवायचे. पुतण्याने चिकटपट्टीवर ते लिहून स्कोपच्या पोटाला लावले.

खरा रोग परतीच्या वाटेवर सापडला. वर गेलेली फुली ८० क्लिक उलटे फिरवून जागेवर आणायची. या दिशेला स्क्रू बाहेर येतो आणि नळीला आणायचे काम स्प्रिंगचे. आकडा शून्यावर आला. फुली सात मिलिमीटर वर अडकलेली. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा नऊ. चौथ्यांदा अगदी शून्य, आणि पोर आनंदाने ओरडले. पाचव्यांदा पुन्हा सहा. प्रत्येक वेळी पंचाला विचारले. त्याची खूण जागची हलली नव्हती. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने नळीवर हलकेच टकटक केले आणि डोळ्यांदेखत फुली पाच मिलिमीटर खाली घसरली.

शेवटी चौकोन केला. ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. एवढे फिरून फुलीने निघाली त्याच ठिपक्यावर यायला हवे. ती आली उभ्यात सहा आणि आडव्यात तीन मिलिमीटर चुकून.

म्हणजे या एकाच यंत्रात दोन चुका होत्या. एक नेमाची, दुसरी बेनेम. पहिली मोठी होती, तेरा मिलिमीटरची, आणि निरुपद्रवी होती. दुसरी लहान होती, कधी चार तर कधी नऊ, आणि तिनेच सहा महिने खाल्ले होते. नेमाने उशिरा येणाऱ्या गड्याची वेळ आपण धरून चालतो. कधी येईल याचा भरवसा नसलेल्याचे काय करायचे? पोर गोळी खाली लागली म्हणून स्क्रू बाहेर काढायचा, फुली अर्धवट सरकायची, पुढच्या दोन-चार झटक्यांत उरलेली सरकायची, आणि तो पुन्हा आपल्या श्वासाला बोल लावायचा.

भोकरवरून गेलेली रेषा

तिसऱ्या दिवशी चहा घेताना मी पुतण्याला पश्चिमेकडे बोट दाखवून म्हटले, "इथून वीसेक किलोमीटरवरून, भोकरच्या अंगाने, जगातली एक मोठी मोजणी गेली आहे. त्यांच्याही दुर्बिणीला असाच मार लागला होता."

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी एक पायारेषा मोजायला घेतली. तिथून पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारताचा कणा मोजायचा होता. कन्याकुमारीकडून हिमालयाकडे जाणारी ही साखळी ७८ रेखांशाच्या किंचित पश्चिमेने धावते. बीदरजवळ दामरगिद्दा, तिथून उत्तरेला वऱ्हाडात टाकळखेडा ही तिची ठाणी. या दोन ठाण्यांमधली सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती आजच्या नांदेड जिल्ह्यातून, भोकरच्या आसपास गोदावरी आणि पैनगंगेच्या मधल्या रानातून जाते. हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, तिच्या पूर्वेला उरते. लॅम्ब्टन नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी याने घडवला होता. आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे, सगळ्या यंत्राचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास. भारतात पोचण्याआधीच ते एकदा फ्रेंचांच्या हाती सापडून मॉरिशसला जाऊन आले होते. १८०८ मध्ये ते तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवत होते. तंजावरात तेव्हा सरफोजीराजे भोसले गादीवर होते, आणि त्याच देवळाच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा मराठीतला प्रचंड शिलालेख कोरला गेला होता. यंत्र दोराने वर ओढत असताना दोर तुटला आणि पेटी देवळाच्या भिंतीवर आदळली. वर्तुळ वाकले.

तसे दुसरे यंत्र भारतात मिळणार नव्हते. लॅम्ब्टन सुमारे सहा आठवडे तंबूत कोंडून बसला आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून त्याने ते वर्तुळ कणाकणाने पुन्हा गोल केले. नंतरची मोजणी या दुरुस्त केलेल्या यंत्रावर झाली. आमच्या भागातून गेलेली साखळीही त्यानंतरचीच.

इथे मी थांबलो तेव्हा पुतण्याने जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचा गाभा आहे. "मग काका, वाकलेल्या यंत्राने घेतलेल्या मोजणीवर विश्वास कसा ठेवला?"

बंद होणारे हिशेब

उत्तर असे, की त्या लोकांनी यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवलाच नाही. त्यांनी यंत्राला परत यायला लावले.

थिओडोलाइटची दुर्बीण एका ठाण्यावर रोखली, मग दुसऱ्या, तिसऱ्या, असे क्षितिजभर फिरून पुन्हा पहिल्यावर आणली, तर वर्तुळावर पहिलाच आकडा दिसला पाहिजे. हा आमचा चौकोनच. दुर्बीण उलटी करून तोच कोन पुन्हा घ्यायचा. नळी अक्षाला काटकोनात नसेल तर एका वाचनात चूक उजवीकडे जाते, दुसऱ्यात डावीकडे, आणि सरासरीत दोन्ही मरतात. वर्तुळ वाकडे असेल तर तोच कोन त्याच्या वेगवेगळ्या भागांवर मोजायचा. शून्य सरकवत सरकवत पूर्ण वर्तुळ फिरायचे, म्हणजे एका भागातला फुगवटा दुसऱ्या भागातल्या दबलेपणाने कापला जातो. वाकलेल्या यंत्रावर मात करायची ही खरी युक्ती.

बारीक फिरवायच्या स्क्रूबद्दलही एक जुना दंडक आहे आणि तो मी वर्गात शेकडो वेळा सांगितला असेल: शेवटचा फेरा नेहमी स्प्रिंगच्या विरुद्ध, म्हणजे स्क्रू आत जाईल असा द्या. पुढे गेलात तर सरळ मागे येऊन थांबू नका. जास्तच मागे जा आणि पुन्हा आत ढकलत जागेवर या. का, ते आता विहिरीच्या कठड्यावर दिसले होते. ढकललेले जाते, सोडलेले येईलच असे नाही.

त्यानंतर त्रिकोणाची परीक्षा. शाळेत तीन कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वी गोल असल्याने मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते. दर १९६ चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद, म्हणजे मिनिटाचा साठावा हिस्सा. एवढी वाढ धरून बेरीज जुळली नाही तर त्रिकोण परत मोजायचा. एका सेकंदाला एवढे का जपायचे? कारण पन्नास किलोमीटरवर तो एक सेकंद २४ सेंटिमीटर होतो, आणि पुढचा त्रिकोण त्याच बाजूवर उभा राहतो.

सर्वांत कठोर परीक्षा शेवटची. साखळीच्या एका टोकाला पायारेषा प्रत्यक्ष मोजायची, मधले शेकडो किलोमीटर फक्त कोनांवर चालायचे, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एक रेषा जमिनीवर मोजून पाहायची. लॅम्ब्टननंतर जॉर्ज एव्हरेस्टने हेच हत्यार उपसले. जुना थिओडोलाइट त्याने दुरुस्त करून घेतला. त्याच्या कारखान्यात लंडनहून आलेला हेन्री बॅरो होता, आणि अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन होते, ज्यांनी युरोपातल्या कुठल्याही कारखान्यात पाऊल ठेवले नव्हते. बॅरो गेल्यावर अत्यंत नाजूक यंत्रांचे काम मोहसिन हुसेन यांच्या हातांत आले, आणि एव्हरेस्टने त्यांच्या कसबाची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. वर्तुळावर अंशांच्या रेघा आखणारा तो हात. या मोजणीच्या गोष्टी सांगताना साहेबांची नावे येतात. रेघा आखणाऱ्याचेही यावे म्हणून हे लिहिले.

एव्हरेस्टने आपल्या गुरूच्या कामावरही सवलत दिली नाही. दक्षिणेकडचा भाग, म्हणजे बीदर ते वऱ्हाड हा आपल्या पट्ट्याचा तुकडाही, नव्या यंत्रांनी पुन्हा मोजला गेला. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ याने बीदरची पायारेषा नव्या पट्ट्यांनी पुन्हा जमिनीवर मोजली. ती जवळजवळ आठ मैलांची. तिकडे सिरोंजच्या पायारेषेपासून चारशेहून जास्त मैल त्रिकोणांवरून चालत येऊन तिची जी लांबी काढली होती, तिच्यात आणि या मोजलेल्या लांबीत फरक निघाला पाच इंचांहूनही कमी.

फुली जागेवर आली होती.

वही

आता पुतण्याकडे. स्कोप परत करायची मुदत केव्हाच टळली होती आणि विकणाऱ्याने हात वर केले होते, तो भाग सोडून देतो. आम्ही स्कोप रायफलीवर चढवला आणि आता खऱ्या छऱ्यांनी तपासले, कारण ठोकळ्यावर शांत बसलेले यंत्र धक्क्याखाली कसे वागते ते ठोकळा सांगू शकत नाही. वीस मीटरवर पाच छरे, मग घुंडी फिरवून परत आणायची, पुन्हा पाच. एकेका छऱ्याकडे पाहायचे नाही. पाचांच्या झुबक्याचा मध्य काढायचा आणि मध्य मध्याशी ताडायचा. जुन्या सवयीने स्क्रू बाहेर काढून परतलो तेव्हा झुबके इकडेतिकडे झाले. जास्त मागे जाऊन, स्क्रू आत ढकलत जागेवर आलो आणि नळीवर दोन टिचक्या मारल्या, तेव्हा ते एकावर एक बसले. चार फेऱ्यांत तीनदा. चौथ्यांदा नाही.

तेव्हा या स्कोपला आणखी एक अट लागली: एकदा बसवला की सामना संपेपर्यंत घुंडीला हात नाही. अंतर बदलले तर फुलीवरच्या खुणांनी वर-खाली धरायचे. मोडक्या यंत्राबरोबर राहायचे असेल तर त्याचे मोडकेपण पाठ हवे. ज्याला ते परवडत नाही त्याने नवा घ्यावा, पण नवा घेतल्यावर पहिल्या दिवशी फळा रोवावा, पहिल्या पराभवानंतर नव्हे.

मी नोकरीत असताना बांधाच्या मोजण्यांना साक्षी म्हणून कितीदा तरी गेलो आहे. एक वीतभर जमीन इकडची तिकडे झाली म्हणून भाऊ भावाशी बोलेनासा झालेला पाहिला. त्या प्रत्येक वेळी दोघेही एकमेकांच्या नियतीवर बोलत होते. ज्या फितीने मोजले तिची लांबी एकदा ताडून पाहू या, असे म्हणणारा क्वचित भेटला. यंत्र निर्जीव असल्याने ते खोटे बोलणार नाही असे आपण धरून चालतो. ते खोटे बोलत नसेलही, पण ते झिजते आणि आदळते, आणि आपल्याला काही झाले आहे हे ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

पुतण्याने जाताना एक शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर तारीख, अंतर, ८० क्लिक, २७८. त्याखाली परतीचे आकडे: सात, चार, नऊ, शून्य, सहा. ते शून्य खोडू का, असे त्याने विचारले, कारण ते योगायोगाने आले होते. मी म्हटले, राहू दे. पाचांतून एकदा जे बरोबर आले त्याच्यामुळेच आपण सहा महिने फसतो.

त्याचा हात स्थिर आहे की नाही, ते मात्र अजून तपासायचे आहे. त्यासाठी आता निदान जागा मोकळी झाली आहे.